खोटी ओळ, पान नऊ

माझ्या ताईला शाळेत तळटीप बाई म्हणायचे. नाव मुलांनी लाडाने ठेवलेलं, पण ते चघळलं मात्र शिक्षकांनी. ती बुटकी, आवाज एवढासा, आणि पुस्तकाचं पान उघडलं की तिची नजर आधी तळाशी. मुख्याध्यापकांचं नाव होतं प्रस्तावना सर. ते का, हे त्यांचं एक भाषण ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे. मी ताईची धाकटी बहीण. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं, आणि माझी कापडाची कात्री कुणी कागदाला लावली तर मी त्या माणसाचं तोंड बघत नाही. माझ्या स्वभावाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

ताईचं आणि बारीक अक्षरांचं वैर जुनं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कोणतेही तीन सोडवा'. बाईसाहेबांनी आठच्या आठ सोडवायला घेतले. पाचवा चालू असताना घंटा झाली आणि पुढची अर्धी प्रश्नपत्रिका तशीच राहिली. एक अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षभर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तिला अक्कल शिकवून घेतली. त्यानंतर ती शिक्षिका झाली ती जणू त्या एका ओळीवर सूड उगवायलाच. माझ्या वर्गातलं एकही मूल बारीक अक्षरापायी फसणार नाही, म्हणाली.

तिचा तास मी खिडकीतून पाहिलेला आहे. माहितीचं पुस्तक हातात आलं की मुलांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचं नाही. आधी उलटं करायचं. मागे सूची आहे का? आपल्याला हवा तो शब्द सूचीत कुठल्या पानावर दाखवलाय? मग पुढची अनुक्रमणिका, मग मथळे, जाड ठशातले शब्द, आणि त्या शब्दांचे अर्थ मागे दिलेत का ते. चित्र आलं की चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय पान उलटायची बंदी. आता मुलं ती, ओळ वाचल्यासारखं करून पुढे पळायची. म्हणून ताईने एक खोडी काढली. स्वतःच्या हाताने सरावाची पानं तयार करायची आणि चार-पाच पानांआड एका चित्राखाली मुद्दाम खोटं लिहून ठेवायचं. कोळ्याचं छान आठ पायांचं चित्र, खाली लिहिलेलं, 'सहा पायांचा कोळी'. मुलांनी पाय मोजायचे. ज्याला खोटं सापडेल त्याने उभं राहून ओरडायचं, 'खोटी ओळ!' आणि बक्षीस काय, तर पुढची खोटी ओळ त्याने लिहायची.

मुलं पेटली. घरी जाऊन औषधांच्या बाटल्या वाचायला लागली, बिस्किटांचे पुडे वाचायला लागली. एका पोरीने नकाशाखाली लिहिलं, 'ही नदी समुद्रातून निघून डोंगराला मिळते', आणि ताईने ते तसंच वहीत उतरवून घेतलं. बारा वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर ताई सूची लिहायची, आणि त्या सूचीत 'ख' खाली न चुकता एक नोंद असायची: खोटी ओळ, आणि पुढे पानांचे आकडे. म्हणजे उत्तर वहीतच होतं. शेवटचं पान उघडण्याचे कष्ट घेतले की झालं.

या वह्यांचं कधीतरी पुस्तक करायचं हे ताईच्या मनात होतं. ती कुणाला बोलली नव्हती, मला सोडून. मीही शिवणाच्या गिऱ्हाइकांपुरतंच बोलले होते.

एक दिवस प्रस्तावना सरांनी तिला खोलीत बोलावलं. खात्यातल्या वरिष्ठांना दाखवायच्या आहेत, चार दिवस वह्या द्या, म्हणाले. ताईने अकराच्या अकरा पिशवीत भरून नेऊन दिल्या. चार दिवसांचे आठ महिने झाले. मी विचारलं की ती म्हणायची, देतील गं. आणि मग एका दुपारी शाळेतून आली ती काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन. छापखान्यातून आलेली पुस्तकाची कच्ची पानं होती. 'बाई, तुमचं शुद्धलेखन बरं आहे, जरा नजर घाला. आणि मागे ती सूची का काय असते, तीही करून टाका,' असं सरांनी सांगितलं होतं.

मी वरचं पान पाहिलं. माहितीचं पुस्तक कसं वाचावं, खाली सरांचं नाव. सतरा पानांची प्रस्तावना, तिचे पानांचे आकडेही वेगळे. आभारात त्यांच्या सौभाग्यवती, दोन्ही चिरंजीव, छापखान्याचे मालक, अगदी कागदाचे व्यापारी. पुढे सगळ्या ताईच्या वह्या. तिचे तास, तिचे प्रश्न, तिच्या मुलांची उत्तरं. चित्रं तेवढी कुणाकडून नव्याने काढून घेतली होती. ताईचं नाव मी पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत शोधलं, बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विचारलंस का त्यांना, असं मी तिला खडसावलं. विचारलं, म्हणाली. सर्व शिक्षकांदेखत विचारलं होतं. आणि त्यावर चहाचा घोट घेत सरांनी दिलेलं उत्तर तिने मला शब्दन् शब्द सांगितलं: 'अहो, चित्राखालची ओळ वाचा, हे काय कुणी शोधून काढायचं असतं? ते सगळ्यांचंच असतं. तुम्ही शिकवा, लिहायचं आमच्यावर सोडा.' शिक्षक हसले म्हणे. तळटिपेला पुस्तक हवंय, असंही कुणीतरी म्हणालं.

मी तिला नाही नाही ते बोलले. वर तक्रार कर, गठ्ठा चुलीत घाल, निदान त्या माणसाच्या टेबलावर आपटून ये. तू अशी मूग गिळून बसतेस म्हणून जो तो तुझ्या डोक्यावर बसतो. ताईने पदराला चष्मा पुसला, लाल पेन उठतंय का पाहिलं आणि पहिलं पान पुढ्यात ओढलं. मला तिचा इतका राग आला की त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

तीन आठवडे ती ते काम करत होती. मी मशीनवर, ती समोरच्या टेबलावर. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होती, निसटलेले अनुस्वार देत होती, त्या चोराच्या प्रस्तावनेतल्या चुकासुद्धा निस्तरत होती. एकदा धागा ओवता ओवता माझी नजर पानावर गेली. आठ पायांचा कोळी आणि खाली 'सहा पायांचा कोळी'. मी म्हटलं, ताई, हे तुझं खोटं आहे ना? या मेल्याने तेही उतरवलंय.

'हो. सगळीच उतरवलीत,' ती म्हणाली. 'शेवटचं पान त्यांनी एकाही वहीचं उघडलेलं नाही.'

मग दुरुस्त कर की, मी म्हटलं. तिने दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या शाळांतली मुलं कोळ्याला सहा पाय असतात म्हणून शिकतील, त्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा मात्र ती थांबली. ते तिला खरंच टोचलं असावं, कारण त्या कोळ्याचे पाय तिने पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाली, 'मी काही लपवणार नाही. मागे सूचीत छापून येईल. बघणाऱ्याला दिसेल.' आणि सूचीच्या कागदावर 'ख' काढला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठून तिच्यासाठी चहा टाकला, आलं जरा जास्तच घातलं.

सूची करून तिने गठ्ठा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी वाचला नाही. पानं मोजली, छान छान म्हणाले आणि छापखान्यात पाठवून दिला.

पुस्तकाचा समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. स्टेजचा पडदा मी शिवला होता, म्हणून मला पुढून तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. स्टेजवर सर आणि खात्यातून आलेल्या चष्मेवाल्या साहेब, वयस्क बाई, चेहऱ्यावर माशी हलत नाही अशा. ताईला बसायला खुर्चीही नव्हती. ती आपल्या सहावीच्या वर्गाशेजारी भिंतीला टेकून उभी. सरांची हौस अशी, की त्याच वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक प्रत वाटली. मुलं पुस्तक कशी वाचतात ते साहेबांनी प्रत्यक्ष पाहावं म्हणून.

आणि मुलांनी वाचलं. चाळीस पुस्तकं एकदम उलटी झाली. सर माइकवर, शिक्षण म्हणजे काय इथपर्यंतच पोचले होते, तोवर खाली कुजबुज सुरू झाली, मग खिदळणं. दुसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या पोरीने हात वर केला. सरांनी कौतुकाने तिला बोलायला सांगितलं.

'सर, पहिली खोटी ओळ पान नऊवर आहे ना?'

सरांना काही कळेना. हसून म्हणाले, बाळ, पुस्तकात खोटं कसं असेल? सगळा वर्ग हसला. साहेबांनी चष्मा वर केला आणि खोटी ओळ म्हणजे काय, असं सरांनाच विचारलं. सर म्हणाले, काही नाही, मुलांचं काहीतरी. तेव्हा त्या पोरीने उभं राहून सगळं सांगितलं. ओळ कशी लपवतात, कशी धरतात, सापडली तर काय मिळतं. 'बाईंच्या तासाला असतं हे,' म्हणाली. साहेबांनी पान नऊ उघडलं. मी खुर्चीतून पाहत होते, बोट ठेवून पाय मोजत होत्या. मग पोरीने सांगितलेल्या सतराव्या पानावर जाऊन 'ही नदी समुद्रातून निघून' इथपर्यंत मोठ्याने वाचलं आणि थांबल्या.

सर पुन्हा माइककडे झुकले. छपाईची चूक आहे, म्हणाले. दोन वेण्यांची पोरगी उभीच होती. छपाईची चूक असेल तर सूचीत कशी, असं तिने विचारलं, उद्धटपणाने नव्हे, अगदी शिकवल्यासारखं. साहेबांनी सूची काढली. सूची कुणी केली, असं त्यांनी विचारल्याबरोबर सरांना बुडत्याला काडी सापडल्यासारखं झालं. बोट थेट भिंतीकडे गेलं.

'त्या बाईंनी. त्यांनीच केली.'

'आणि या ओळी?'

'त्याही त्यांच्याच. सगळं त्यांचंच आहे, मी एक अक्षर लिहिलेलं नाही त्यातलं.'

माइक चालू होता. ते वाक्य सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलं, आणि परत येईपर्यंत आपण काय बोललो ते सरांना कळलं. मला इतकं गोड वाटलं की सांगता सोय नाही. तळटिपेला पुस्तक हवंय म्हणणारे शिक्षक बुटांच्या नाड्या बघत होते. मी एकेकाकडे वळून पाहून घेतलं, कुणाला सोडलं नाही.

पण पोरगी अजून खाली बसली नव्हती. ताईने शिकवलेलं होतं, नोंद अर्धवट वाचायची नाही. 'नऊ, सतरा, सव्वीस, चौतीस, एकेचाळीस,' तिने बोट फिरवत वाचलं, 'आणि मलपृष्ठ. मलपृष्ठ राहिलं, मॅडम.'

चाळीस पुस्तकं पुन्हा उलटली. साहेबांनीही उलटलं. मागच्या बाजूला सरांचा फोटो होता, हनुवटीला बोट लावलेला. चित्राखालची ओळ होती: 'लेखक', आणि पुढे त्यांचं नाव. मग वर्गाने एका आवाजात ओरडून ती ओळ पकडली, जशी रोज पकडायचे तशी. ताई भिंतीला टेकलेली होती ती सरळ झाली. तिने मुलांना गप्प केलं नाही. एरवी ती लगेच ओठावर बोट ठेवते.

पुस्तकं परत गेली. सरांनी रजा टाकली आणि मग बदली मागून घेतली. वह्या शिपायाने घरी आणून दिल्या, अकराच्या अकरा. पहिल्या वहीवरचं ताईचं नाव निळ्या शाईने खोडलेलं होतं.

मी तिला विचारलं, एवढ्या मोठ्या माणसाचं भर सभेत वाटोळं केलंस, वाईट नाही वाटत? खरं तर मला तिच्या तोंडून ऐकायचंच होतं.

'नाही,' ती म्हणाली. 'बारा वर्षं होती माझी. अजून एक पान असतं तर तेही सूचीत घातलं असतं.'

तिच्याजवळ पुस्तकाची एक प्रत राहिली होती. ती टेबलावर उपडी ठेवून ताई इकडे तिकडे काहीतरी शोधायला लागली. मला कळलं. मी मशीनच्या खणातून माझी कापडाची कात्री काढली आणि तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, फोटोखालचा तेवढा एक शब्द नीट कापून घेतला आणि पहिल्या वहीवर, खोडलेल्या नावाच्या वर चिकटवला. नाव पुन्हा लिहिलं. मग लाल पेन घेतलं, 'ख'ला पहिली वेलांटी दिली, 'क'ला काना दिला आणि वही कपाटात ठेवून दिली.