मी रडत नव्हते

लेक सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात दिली, त्याच वर्षी माझे डोळे गळायला लागले. चुलीपुढे बसले की पाणी, वारा सुटला की पाणी. आतून मात्र वाळू गेल्यासारखं खुपायचं. तांदूळ निवडताना खडा कुठला नि कणी कुठली, तेही कळेना. शेजारणी म्हणायच्या, "लेकीसाठी झुरते." मी सांगायची, "रडत नाय गो, डोळे चुरचुरतात." कोणाला पटायचं नाही.

मग नवऱ्याने मला न विचारता लेकीला फोन केला. "आय सारखी रडते. येऊन जा." दुसऱ्या दिवशी मुरबाडहून शहापूर, तिथून आटगाव, अशा गाड्या बदलत ती दारात उभी.

"आये, काय झालं?"

"काय नाय. डोळे खुपतात. तुझ्या बाबांना वाटतं मी रडते."

ती हसली नाही. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि विचारलं, "पाळी वेळेवर येते का?" मला लाजच वाटली. हळूच म्हटलं, "कधी येते, कधी महिने महिने नाय." बाई म्हणाल्या, पाळी जायच्या वयात बऱ्याच जणींचे डोळे कोरडे पडतात. कोरडे झाले की चुरचुरतात, म्हणून उलट पाणी गळतं. जवळचं दिसायला चष्मा, कोरडेपणाला थेंब, आणि धुरापासून लांब राहा.

लेक थोडे दिवस राहिली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. खालची पापणी ओढून ती थेंब सोडायची, "हलू नको," म्हणायची. लहानपणी काजळ घालताना मी तिला दटावायची, अगदी तशी. मग डोळे मिटून पडायचं. तिचा हात कपाळावर असायचा. तो उचलू नये म्हणून मी उगाच जास्त वेळ डोळे मिटून राहायची.

आता खुपणं पुष्कळ कमी झालंय. चष्म्याने कणीही दिसते. थेंब नवरा घालतो. हात जड त्याचा, अर्धे गालावर जातात. संध्याकाळी लेकीचा फोन येतो.

"डोळे बरे हायत ना?"

काल वाटलं, अजून खुपतात म्हणावं. तेवढ्यात पलीकडून तिच्या सासूने हाक मारली.

"बरे हायत," मी म्हटलं.

"ठेवते गो आये."

फोन बंद झाला, तरी मी तो कानाशी तसाच धरून बसले.