सीटखालचं इंजिन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि नीट सांगणार आहे. मुद्दा मांडणं मला जमतं. दुर्दैवाने फारच चांगलं जमतं.

कोलशेतला आमच्या कंपनीत शहरासाठी छोटी गाडी करायची ठरलेली. दोन आराखडे होते, एकच निवडला जाणार होता. माझा नेहमीचा – इंजिन पुढे, बॉनेटखाली. मेधाचा वेगळा – इंजिन गाडीच्या मध्यात, मागच्या सीटखाली. मेधा ठाकुर्लीची, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. तिच्या मांडणीत पुढे जागा मोकळी राहायची, त्यामुळे चाकं जास्त वळायची. डोंबिवलीच्या एका अरुंद गल्लीत तिने नमुन्याची गाडी मागेपुढे न करता एका दमात उलट वळवली, तेव्हा मी शेजारीच बसलेलो. तिचं काम माझ्यापेक्षा सरस होतं. मला ते तिथेच कळलेलं – मग मी काय केलं?

मुद्दाम काहीच केलं नाही, असं स्वतःला सांगत आलो. इंजिन आणि सीट यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक पत्रा होता. तो खडखडतोय, जरा बघ, असं मेधाने मला सांगितलेलं. मी तो काढला, आणि परत बसवायचा राहिला. खरंच राहिला. पण दुसऱ्या दिवशी आराखडा निवडणारे मोठे साहेब मागच्या सीटवर बसले, मेधाने गाडी सुरू केली – आणि मला आठवलं. नुसता हात केला असता तरी ती थांबली असती. मी हात खिशात ठेवला.

शीळफाट्याला गाडी कोंडीत अडकली. साहेब परतले ते घामाने निथळत. "मेधा, ही गाडी आहे की तवा?" एवढंच बोलले.

जेवणानंतर ती सीट उघडून बघणार होती. त्याआधी मी पत्रा बसवून टाकला. तिला सगळं जागच्या जागी दिसलं – म्हणजे चूक तिच्या गणितातच, नाही का? "आयडिया मस्त होती गं," मी म्हणालो, "पण आपल्या हवेत नाही चालायची." तिने मान हलवली. वर मला थँक्स म्हणाली.

माझी गाडी रस्त्यावर आली. बरी चालते. मेधाने नोकरी सोडली. आता कल्याणजवळच्या एका कॉलेजात शिकवते.

मागच्या वर्षी तिने मला तिथे बोलायला बोलावलं. मुलांना म्हणाली, "मी चुकले तेव्हा खरं सांगणारा हा एकटाच होता." मग माझ्याकडे वळली. "सीटखाली इंजिन का जमत नाही, ते तूच समजाव त्यांना."

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं – हो ना?

मी खडू उचलला. आकृती काढली, बाण काढले, तासभर बोललो. सगळं खोटं, आणि सगळं पटण्यासारखं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मेधा पहिल्या बाकावर बसून लक्ष देऊन ऐकत होती.