सात लाख सोळा हजार पाचशे एकोणचाळीस

काशीराम घाडी साकीनाक्याला आमच्या कारखान्यात सेटर होता. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडहून इकडे यायला लागला, तेव्हा आधी आमच्यासारखाच बारा तास मशीनवर उभा. त्यात गुडघे गेले. पण आकडे फोडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून शेठने त्याला खुर्ची दिली. आमच्या गियर कापायच्या मशीनला तीन चक्रं लावायची, आणि त्यांच्या दात्यांचा गुणाकार नकाशातल्या आकड्याइतका बरोब्बर यायला हवा. पेटीत वीसपासून शंभर दात्यांपर्यंतची चक्रं. आकडा तसा फुटला तर काम, नाहीतर नकाशा पार्टीला परत.

शहाऐंशीच्या मे महिन्यात हा वरचा आकडा आला. मेला, भलताच हट्टी! दोनने जाईना, तीनने जाईना, सात नाही, अकरा नाही. फक्त मूळ संख्या घ्यायच्या, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही, ही काशीरामची शिकवण. त्याच्या मदतीला मी भागाकार करत होतो, तो तपासत होता. सलग दुसरी पाळी, डोळे चुरचुरत होते. एकाहत्तर, त्र्याहत्तर, एकोणऐंशी. प्रत्येक वेळी बाकी उरायचीच.

"पुरे रे बाबा!" मी वैतागलो. "फुटायचा असता तर एव्हाना फुटला असता."

"फुटूचो नाय म्हणतस?"

"नाही रे. ऊठ आता."

तोही दमला होता. त्याने शेठला सांगितलं, आकडा फुटत नाही. नकाशा परत गेला.

सोमवारी आला तो थेट माझ्याकडे. "लवू, वाट लागली. पुढचोच होतो. त्र्याऐंशी."

डोक्यातून जाईना म्हणून रविवारी घरी पुन्हा बसला होता. त्र्याऐंशी गुणिले एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव. तिन्ही मूळ संख्या, आणि तिन्ही चक्रं आमच्या पेटीत पडलेली.

"गप बस ना यार. कोणाला कळणार आहे?"

"माका कळला ना!"

गेला आणि सांगून मोकळा झाला. शेठ भडकला. पार्टीने काम दुसरीकडे दिलं होतं, आणि आता आमच्याकडे परत येणार नव्हती.

"अर्धवट कोणी सोडलं?" शेठने विचारलं.

"मी," काशीराम म्हणाला.

मी हाताच्या अंतरावर होतो. तोंड उघडलं नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण मलाही पाय होते, आणि तेही दुखत होते.

शेठने त्याला त्याच दिवशी मशीनवर पाठवलं. चोपन्न वर्षांचा माणूस, एका हाताने मशीनचा आधार घेऊन उभा राहिला.

"आता आकडे कोण बघणार?" शेठ म्हणाला.

काशीरामने वळूनही पाहिलं नाही. "लवूक जमतला," एवढंच म्हणाला.

आणि मी त्याच्या खुर्चीत बसलो.