कडू पाण्याची बादली

मेलबर्नच्या क्लेटन भागात आमच्या शेजारच्या युनिटमध्ये एक कोरियन आजी राहतात. त्यांचं माहेर कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका जिल्ह्यात, सगळा बेटांचाच जिल्हा. लग्नाला जायचं तरी होडी, दाढ दुखली तरी होडी. तिथे त्यांच्या घरचं मिठागर आहे आणि मोठी बहीण ते अजून चालवते. ती बहीण कितीतरी वर्षांनी भेटायला येणार होती. रविवारी तिच्यासाठी आईच्या पद्धतीचं टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, करायचं, हे आजी मला महिनाभर रोज सांगत होत्या.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या सामायिक कारपोर्टमध्ये, गाड्यांच्या छपराखाली, बहिणीकडच्या मिठाचं पोतं विटांवर ठेवलेलं असे आणि खाली बादली. मला वाटायचं, बिचाऱ्यांचं पोतं गळतंय. मेलबर्नमध्ये राहून मला पाणी वाचवायचं वेड लागलंय, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मी झाडांना घालते. गुरुवारी ऑफिसला निघताना बादलीतलं तांब्याभर पाणी आजींच्या मिरच्यांना घातलं आणि वर त्यांना ऐटीत सांगितलं, "नो वरीज, मी बादली रिकामी केली!"

आजी मटकन खुर्चीत बसल्या. मोडक्या इंग्लिशमध्ये त्यांनी सांगितलं ते असं, की मिठातून वर्षानुवर्षं थेंबथेंब झिरपणारं ते कडू पाणी घातलं की मगच सोयाबीनचं दूध फाटून त्यांच्या आईच्या टोफूसारखं जमतं. दुकानातली पावडर चालत नाही, बहीण पहिल्या घासाला ओळखेल. रागावल्या नाहीत, उलट माझ्याच हातावर थोपटलं. त्याने तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसून मी चक्क रडले.

आई तेव्हा पेणहून माझ्याकडे आली होती. तिचं बालपण मिठागरावर गेलेलं. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं.

"अगं भवाने, मिठागरवाल्याची नात ना तू?" एवढंच म्हणून ती तडक कारपोर्टमध्ये गेली. मूठभर मीठ दाबून बघितलं, जिभेवर ठेवलं आणि हसली. म्हणाली, दमट हवेत मिठाला पाणी सुटतं, इथल्या कोरड्या उन्हात दिवाळीपर्यंत वाट बघत बसाल. तेव्हा दमट हवा आपणच करायची.

मग काय विचारता! पोतं आमच्या बाथटबमध्ये पाटावर, खाली परात. दार बंद करून शेजारी गरम शॉवर सोडला. पाणी वाचवणारी मी, आणि माझ्याच घरात हा धबधबा! दोन म्हाताऱ्या वाफेत घामाघूम होऊन पोत्याकडे टक लावून बसलेल्या. एकीला कोरियन येतं, दुसरीला मराठी, तरी गप्पा काही थांबेनात. हातवारे करून दोघींनी एकमेकींना आपापलं मिठागर दाखवलं. पहिला थेंब टपकला तेव्हा आजींनी आईला मिठीच मारली. शनिवार दुपारपर्यंत वाटीभर पाणी जमलं.

रविवारी आजी टोफू करायला बसल्या. पाणी चमच्याने मोजून घालत होत्या, तर आईने आणखी दोन चमचे ओतायला लावले. दूध नीट धरत नाहीये, असं तिचं म्हणणं. मी डोक्याला हात लावला. आता बहिणीसमोर शोभा होणार.

बहीण आली. उन्हाने रापलेली, पाठीत वाकलेली. टोफूचा तुकडा तोंडात घातला आणि चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग ती हळूच काहीतरी बोलली आणि आजी रडता रडता हसायला लागल्या. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणते, जरा कडू झालंय," आजींनी डोळे पुसले, "आमच्या आईचंही असंच व्हायचं."

मी ते माझ्या आईला मराठीत सांगितलं. आईने टोफूसाठी आपली ताटली पुढे केली.