चाकांची खांदमळणी

आमच्या घरात ती सायकल मी आणली, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढं या गोष्टीत माझ्या वाट्याला फारसं श्रेय येणार नाही.

लातुरात क्लासेसच्या भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं येतात, मान मोडून अभ्यास करतात आणि नंबर लागला की गाशा गुंडाळून जातात. त्यातल्याच एकानं जाताना आपली रेसिंगची सायकल मला विकली. पातळ टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, आणि इतकी हलकी की एका हातानं उचलावी. पोट कमी करायचं म्हणून मी ती घेतली. दोन दिवस चालवली, तिसऱ्या दिवशी कंबर धरली आणि सायकल जिन्याखाली गेली. तिथून ती माझ्या बायकोनं बाहेर काढली.

सत्यशीला जळकोटजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. एका डाळमिलमध्ये आलेल्या मालाचा नमुना तपासायचं तिचं काम. पोतं वरून कितीही चकचकीत असलं तरी ही बाई मधल्या थरातली तूर काढून बघणार, दाताखाली फोडणार, मगच बोलणार. बाजारात वांगी घेतानाही तिचा हात टोपलीच्या तळाशी जातो आणि भाजीवाल्या कपाळाला हात लावतात. अशा बाईनं मला एका बघण्यात कसं पसंत केलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नाही.

जिन्याखालची सायकल तिनं पुसली, सीट खाली घेतली, ओढणी कमरेला बांधली आणि मिलला निघाली. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी ती परत आली तेव्हा गाल लाल झालेले आणि ओठांवर कसलं तरी गाणं. रिक्षानं जायची तेव्हा ती कधी गुणगुणत आली नव्हती. आठवड्याभरात गल्लीला सवय झाली. सवय झाली नाही ती फक्त सायकलच्या चाकांना.

आमच्याकडं रस्त्याची एक बाजू पाइपलाइनसाठी खोदलेली असते, दुसऱ्या बाजूला खडी पडलेली असते आणि उरलेल्या वाटेत जो तो आपल्या दारापुढं हौसेनं स्पीडब्रेकर घालतो. ती चाकं शर्यतीची. रिम नाजूक, तारा मोजक्या. एक तार तुटली की सगळं चाक डुलायला लागायचं आणि ब्रेकला घासायचं. कोपऱ्यावरचा मिस्त्री तारा ओढून चाकाचा आउट काढून द्यायचा. चार दिवसांनी दुसरी तार तुटायची. मग सत्यशीला सायकल खांद्यावर टाकून उशिरा मिलवर पोचायची.

मी स्कूटीचा विषय काढला. आईनं माझी री ओढली. सत्यशीला पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण त्याचा आवाज बदलला.

“घर ते मिल, एवढाच येळ माझा हाय,” ती म्हणाली. “त्यात घरची भाजी न्हाई, मिलची डाळ न्हाई. स्कूटीवर बसले की तुम्ही म्हणणार, जाता जाता पोरीला क्लासला सोड, येता येता दुकानाचे कागद आण. सायकलवर असले की कुणी माझ्यावर काही लादत न्हाई.”

कागदाचे गठ्ठे माझ्या मनात खरंच येऊन गेले होते. शेवटी तिनंच तोडगा काढला. नवी चाकं घालायची. ती दिवाळीपर्यंत टिकली तर सायकल राहील, आधीच मोडली तर ती निमूट स्कूटीवर बसेल. सत्यशीला दिलेला शब्द फिरवत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं चाकं निवडण्यात चूक झाली असती तर तिचा तो वेळ कायमचा गेला असता.

त्या मापाची चाकं लातुरात हवी तशी मिळेनात. मिस्त्रीनं नांदेडच्या गुरुपादप्पांचं दुकान सुचवलं, म्हणून एका रविवारी आम्ही एसटीनं निघालो. जुनं चाक मापाला म्हणून माझ्या मांडीवर. अहमदपूरला माझे सासरे, व्यंकटीमामा, त्याच गाडीत चढले. लेक चाकं घ्यायला निघाली हे फोनवर कळल्यावर त्यांना घरी बसवेना. आयुष्यभर हाळीच्या बाजारात बैलं पारखलेला हा माणूस. गेल्या वर्षी घरी ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी विकली, आणि तेव्हापासून त्यांना पारखायला काही उरलंच नव्हतं.

दुकानात शिरताच माझी नजर एका जोडीवर खिळली. काळी कुळकुळीत, उंच रिमची, अगदी हलकी चाकं. मी म्हटलं, झालं काम, हीच बांधा. सत्यशीलेनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं गुरुपादप्पांना विचारलं, रोज खड्ड्यातून जायचं असेल तर काय घ्यावं. अप्पांनी साधी, पांढऱ्या रिमची, छत्तीस तारांची जोडी पुढं ठेवली. ती दिसायला अगदीच गरीब होती, मला तर आमच्या शाळेच्या शिपायाची सायकल आठवली. अप्पा म्हणाले की वजन जरा जास्त आहे, पण रिम दुपदरी आहे, आणि तारा जास्त असल्या की भार वाटला जातो. एखादी तुटली तरी बाकीच्या घरापर्यंत पोचवतात.

मग मामा पुढं झाले. हाळीला बैल नुसता उभा बघून कुणी घेत नाही, म्हणाले. गाडीची चाकं फिरू नयेत म्हणून बांधतात, वर माणसं बसवतात आणि ओढायला लावतात. तसं ह्या चाकांवरही वझं टाकून बघायचं. वझं कुठून आणायचं म्हणून सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि हळूहळू सगळ्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

अप्पांनी चाकं आपल्याच एका सायकलला चढवली. मागच्या गल्लीत खड्डे भरपूर होते. चहाच्या टपरीवरच्या लोकांसमोर मी आधी काळ्या चाकांवर फेऱ्या मारल्या, मग पांढऱ्या. मामा प्रत्येक खड्ड्याकडं हात करून “ह्यातून घ्या, जावईबापू,” म्हणत होते आणि टपरीवरचे लोक मला धीर देत होते. उतरलो तेव्हा घामानं निथळत होतो. अप्पांनी चाकं फिरवून बघितली. दोन्ही जोड्या सरळ होत्या. मी तर म्हटलं, बघा, काळीही टिकली की.

तेव्हा सत्यशीलेनं एकच प्रश्न विचारला, की तार तुटली तर लातुरात मिळेल का. काळ्या चाकांच्या चपट्या तारा बाहेरून मागवाव्या लागतात, हे अप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पांढऱ्याची तार कुठलाही मिस्त्री मापानं कापून बसवतो. काळी जोडी परत खिळ्याला गेली. मग तिनं सायकलमध्ये बसतील तेवढे रुंद टायर निवडले. आणि चाकं बांधायच्या वेळी म्हणाली, “अप्पा, हे दर्शनी नका देऊ. आतल्या ढिगातलं मधलं काढा.” अप्पा हसत आत गेले. मामांनी लेकीकडं असं काही बघितलं की मला त्यांचा हेवा वाटला.

नव्या चाकांवर सत्यशीलेनं सगळा श्रावण काढला. खड्डे पाण्यानं भरले, खडी वाहून आली, पण एक तार तुटली नाही. गुणगुणणं परत सुरू झालं.

पोळ्याला मामा आमच्याकडं आले. गोठा रिकामा, गावात करमेना. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. त्या संध्याकाळी मामा वाटी घेऊन अंगणात गेले. सायकल धुतली, पुसली आणि दोन्ही चाकांना, रिमला, तारांना, मन लावून हळद-तूप चोळलं. मग हात जोडून चाकांना आवतणही दिलं. मी दारातून बघत होतो. मला ते इतकं आवडलं की मी फोटो काढला. सत्यशीला आत पुरणाची डाळ निवडत होती. ब्रेकचे रबर त्याच रिमला चिमटीत धरतात हे मला चांगलं ठाऊक होतं, पण फोटो काढणाऱ्याला तेवढं कुठलं सुचायला.

सकाळी उशीर झाला म्हणून चाकांकडं न बघताच ती मिलला निघाली. वाटेत उतार नाही, सकाळचा रस्ता मोकळा, ब्रेकची गरज थेट मिलच्या उतारावर लागली. फाटकातून टेम्पो बाहेर येत होता. तिनं ब्रेक दाबला, तो लागेना. तिनं हँडल वळवलं, पुढचं चाक सिमेंटच्या कठड्यावर आदळलं आणि बाईसाहेब फाटकाशेजारी रचलेल्या डाळीच्या चुनीच्या, म्हणजे टरफल-चुऱ्याच्या, पोत्यांवर जाऊन पडल्या. हमाल धावले. एकानं रिमवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, “बाई, हे तर तूप हाय.”

फोन आल्याबरोबर मी आणि मामा रिक्षानं पोचलो. ती पोत्यावर बसली होती, खांदा धरून, आणि हसत होती. मामांनी पिवळी झालेली चाकं बघितली. ते तिथंच खाली बसले.

“माझ्याच हातानं पाडलं पोरीला,” ते म्हणाले.

ती उठली. धड हातानं सायकलचं पुढचं टोक उचललं आणि चाक फिरवलं. आम्ही सगळे वाकलो. मी, मामा, हमाल, टेम्पोचा ड्रायव्हर. कठड्यावर एवढ्या जोरानं आदळलेलं चाक ब्रेकच्या दोन रबरांमधून सरळ फिरत होतं, कुठं डुलत नव्हतं, कुठं घासत नव्हतं. माझ्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. दिवाळीची अट मी तिथंच मोडीत काढली.

घरी येऊन मी दोन्ही रिम साबणानं घासले. संध्याकाळी आईनं पुरणपोळ्या केल्या, कारण सत्यशीलेचा खांदा वर उचलत नव्हता. मामा मात्र पिशवी भरून बसले होते. शेवटच्या एसटीनं जातो म्हणाले. कुणाच्या नजरेला नजर देईनात.

सत्यशीला हळद-तुपाची वाटी गरम करून घेऊन आली आणि त्यांच्यापुढं दुखरा खांदा करून बसली.

“अण्णा, बैलगाडीच्या चाकाची खांदमळणी केली का हो कधी? वढतो त्याची करत्यात. हितं वढणारी मी हाय.”

मामांना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी बोटं वाटीत बुडवली आणि जपून, हळूहळू लेकीचा खांदा चोळायला लागले.

“बैलं गेली तवा वाटलं, आपला पोळा सरला,” ते म्हणाले. “आवतण चुकीच्या दारी दिलं म्हन की मी.”

आमच्या घरी आधी पुरुषांची पंगत बसते, मग बायकांची. आईच्या सासूच्याही आधीपासून हे असंच चालत आलेलं. आई माझं ताट घेऊन आली तेव्हा मामांनी हात आडवा केला.

“थांबा, विहीणबाई. पोळ्याला वढणारा आधी जेवतो.”

आई अडखळली, माझ्याकडं बघितलं, आणि ताट सत्यशीलेपुढं ठेवलं. मामांनी पहिला घास तुपात बुडवून तिला भरवला. मग ती सावकाश जेवली. गुळवणीत पोळी कुस्करली, बोटं चाटली, दुसरी पोळी मागून घेतली, मग तिसरी. मी भुकेला, भिंतीला टेकून बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली. तिला पुरणपोळी एवढी आवडते, हे मला त्या दिवशी कळलं.