फेरी की बोगदा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. "मंजू, सुहास गेला," एवढंच ती म्हणाली. सुहास म्हणजे माझा दादा. जर्मनीत, आखनच्या घरासमोर सकाळी सायकल बाहेर काढताना तो खाली कोसळला होता. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत आली, पण हृदयच थांबलं होतं. फोन ठेवला, लॅपटॉप उघडला, आणि इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या रेल्वेचं जे पहिलं तिकीट दिसलं ते काढलं. किंमत बघितलीसुद्धा नाही. आम्ही इंग्लंडात केंटमध्ये राहतो, बंदरापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. अभयनं, माझ्या नवऱ्यानं, मोटार रेल्वेच्या डब्यात चढवली, इंजिन बंद केलं आणि आम्ही आतच बसून राहिलो. बाहेर बघण्यासारखं काहीच नसतं. थर्मासमधला चहा संपायच्या आत फ्रान्स आला. मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. एवढंच होतं? एवढंसं ओलांडायला माझ्या सख्ख्या भावाला दहा-बारा वर्षं पुरली नाहीत?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला माहीत आहे. चांगलं बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, तेही सांगते. दादा चिंचवडहून आखनला एम.एस. करायला आला आणि तिथेच गिअरबॉक्सच्या कंपनीत चिकटला. चार वर्षांनी मी शिकायला त्याच्याकडे गेले, तेव्हा त्यानं स्वतःची खोली मला दिली आणि दोन वर्षं तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपला. माझ्या परीक्षेच्या दिवसांत तो स्वयंपाक करायचा, बससाठी थांबायला नको म्हणून स्वतःची सायकल मला देऊन पायी ऑफिसला जायचा. पण कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटली की त्याच्या अंगात यायचं. जुनं वॉशिंग मशीन घ्यायचं होतं. दोन पसंत पडली होती. दादानं वीज, पाणी, दुरुस्ती, आवाज, सगळ्याची तुलना करायला घेतली आणि ती पुरी होईपर्यंत दोन्ही मशीन विकली गेली. तो अख्खा हिवाळा आम्ही कपड्यांच्या पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या वाशसालोनमध्ये, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, जात होतो. मी चिडले की तो शांतपणे समजावायचा, "मंजे, दोन्हीकडे जे सारखं असतं ते धरायचंच नाही. ते खोडून टाकायचं. फरक तेवढा बघायचा." त्याला हे ऑफिसात शिकवलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं.

आखन हे गावही असं की तिथे सरहद्द म्हणजे काय ते माणूस विसरतो. शनिवारी भाजी हॉलंडमधून, परतताना बटाट्याच्या तळलेल्या फ्रिटन बेल्जियममध्ये खायच्या आणि जेवायला जर्मनीत घरी. पासपोर्ट कपाटात पडलेले. दादा पाहुण्यांना तीन देशांच्या सरहद्दी मिळतात त्या टेकडीवर न्यायचा आणि एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढायला लावायचा. दाखवताना असा रुबाब, जणू ती जागा त्यानंच पसंत करून घेतली होती.

मी लग्न होऊन इंग्लंडला गेले. पुढे दोन वर्षांच्या अंतरानं बाबा गेले, आई गेली, चिंचवडचा फ्लॅट भाड्यानं दिला, आणि माझं माहेर आखनला आलं. आमच्या घरात भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जेवायला जातो. बहिणीनं भावाकडे जाऊन ओवाळायचं नाही, भावानं यायचं. आई याबाबतीत फार कडक होती. तिला स्वतःला भाऊ नव्हता म्हणून असेल. तर यायचं दादानं, आणि तो येत नाही म्हणून सुरुवातीची काही वर्षं मीच बॅगेत ताम्हण आणि निरांजन घालून विमानानं आखनला जायचे. नंतर मुलांच्या शाळा, सुट्ट्या... मग मी फोनच्या पडद्याला ओवाळू लागले. पडद्यावरचा दादा मान पुढे करायचा आणि मी काचेला कुंकू लावायचे. हसायचो दोघंही.

ऑफिसच्या कामासाठी तो एक-दोनदा बर्मिंगहॅमला येऊन गेला. व्हिसा ऑफिसनं काढला, तिकीट ऑफिसनं. माझ्याकडे का आला नाहीस विचारलं, तर ऑफिसच्या खर्चानं बहिणीकडे जायचं नाही, असं त्याचं तत्त्व निघालं. मग एके वर्षी त्यानं सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेतली, मोटारीमागे ओढायची. आता बघ, म्हणाला, भाऊबीजेला ही थेट तुझ्या दारात उभी करतो. आम्ही तिघं तिच्यातच झोपू, तुमच्यावर भार नको. मला तेव्हाही ते टोचलं होतं. बहिणीच्या घरी भावाचा कसला भार? पण येतोय म्हणतोय तर येऊ दे, म्हणून गप्प बसले.

आणि तुलना सुरू झाली. फेरीबोटीनं यायचं की बोगद्यातून? दर वर्षी सप्टेंबर लागला की रविवारी फोन, सुरुवात त्याच्या जर्मन 'तर मग'नं. "आल्झो, ऐक. फेरी आठवड्याच्या मधल्या वारी स्वस्त, पण कॅरॅव्हॅनची लांबी दांड्यासकट धरतात. बोगदा महाग, पण आत वारा नाही, म्हणजे कॅरॅव्हॅनला धोका नाही." मी म्हणायचे, बोगद्यानं ये. मग तो म्हणायचा, पण फेरीवर ईराला, त्याच्या मुलीला, समुद्र दिसेल. मी म्हणायचे, मग फेरीनं ये. त्यावर, ऑक्टोबरात समुद्र खवळलेला असतो आणि एक रात्र कॅम्पिंगच्या जागेचं भाडं वाढतं. गॅसची टाकी भरलेली चालेल का, फ्रान्समधला टोल चुकवून गावातल्या रस्त्यानं आलं तर डिझेल किती जास्त... मी फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटायचे. तो बोलत असायचा आणि मी 'हं' म्हणत असायचे. त्याच्या आवाजात असा आनंद असायचा की वाटावं हा निघालाच. हे सगळं होईपर्यंत स्वस्त तिकिटं संपायची आणि तो म्हणायचा, पुढच्या वर्षी लवकर बघू.

एका वर्षी मात्र तो निघाला. फेरी ठरली होती. निघाल्याचा फोटोही आला, मोटार, मागे कॅरॅव्हॅन, पुढच्या सीटवर वहिनी, मागे शाळकरी ईरा कानात हेडफोन घालून. मी बासुंदी आटवली. अळूवडीसाठी अळू लंडनहून आणलं. अभयनं आमची मोटार रस्त्यावर नेऊन लावली, दारातली जागा मोकळी केली. दुपारी दादाचा मेसेज आला, बेल्जियममध्ये कॅरॅव्हॅनचं चाक जाम झालं, परत फिरतोय. मी फोन करून उलट त्यालाच समजावलं की जाऊ दे, जिवापेक्षा काय मोठं आहे. त्या दिवशी तो फार कमी बोलला. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा फोन आला, फेरी आणि बोगदा पुन्हा पहिल्यापासून. अभय एकदा म्हणाला की मी तिकिटं काढून पाठवतो, तर दादानं महिनाभर अबोला धरला. मेहुण्याच्या पैशानं येणार नाही म्हणे.

दहनानंतर दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा आखनला गेले. कॅरॅव्हॅन गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये ठेवलेली असायची. ती विकायची म्हणून वहिनी, ईरा आणि मी सामान काढायला गेलो. आत सगळं जिथल्या तिथे. चहाची भांडी टॉवेलात गुंडाळलेली, दोऱ्या वळून ठेवलेल्या. ईरा मागच्या पलंगावर बसली होती. आता कॉलेजला जाते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. मी सहज म्हटलं, त्या वर्षी चाक जाम झालं नसतं तर ही माझ्या दारात उभी राहिली असती. ईरानं आईकडे बघितलं आणि तिला काहीतरी विचारलं. 'आत्याला अजून सांगितलं नाही?' असं ते होतं, तेवढं जर्मन मला येतं.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. चाकाला काही झालं नव्हतं. ते कॅलेपर्यंत, अगदी फेरीच्या रांगेपर्यंत पोचले होते. तिथे फ्रान्समध्येच इंग्लंडचे अधिकारी पासपोर्ट बघतात. वहिनी आणि ईरा तोवर जर्मन नागरिक झाल्या होत्या, दादानं मात्र भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. त्याच्यावरचा व्हिसा ऑफिसनं कधीतरी काढलेला, आणि तो केव्हाच संपला होता. मागे गाड्यांची रांग, पुढे फाटक, आणि दादा कॅरॅव्हॅन उलटी घेत होता. त्या दोघींना तो म्हणाला, तुम्ही जा, मी इथे थांबतो. "मी जाऊन काय करणार होते?" वहिनी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याऐवजी मला ओवाळ म्हणून तुझ्यापुढे बसणार होते?" बोलण्यात गोंधळ झाला होता, भाऊ म्हणायचं ते नवरा म्हणाली, पण कोणी हसलं नाही.

मला विश्वास बसेना. डिझेलचा थेंब न् थेंब मोजणारा माणूस व्हिसा विसरतो? वहिनी म्हणाली, "मी पण हेच विचारलं. तर म्हणाला, फेरीनं गेलो काय, बोगद्यानं गेलो काय, व्हिसा दोन्हीकडे लागतोच. म्हणून तो पहिल्याच दिवशी खोडला होता. नंतर लक्षातच राहिला नाही."

मग पुढच्या वर्षी का नाही काढला? त्याच्या पुढच्या? तिनं हातातल्या टॉवेलाची घडी घातली. "व्हिसा काढ म्हटलं की म्हणायचा, आधी फेरी की बोगदा ते ठरू दे. मला वाटतं, त्या फाटकाची त्याला लाज वाटत होती, मंजू. ईरासमोर झालं ना ते."

मी समजून घ्यायला हवं, सगळे म्हणतात. समजतं मला. ज्या माणसाला सरहद्दीवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभं राहायची सवय, त्याला मुलीदेखत परत पाठवलं, हे त्याला किती लागलं असेल ते मला समजतं. पण मला खोटं का सांगितलं? मी हसले असते, चिडवलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फॉर्म भरला असता. त्याऐवजी तो दर सप्टेंबरात फोन करून मला समुद्राच्या लाटा आणि कॅरॅव्हॅनची लांबी ऐकवत राहिला, येणार नाही हे माहीत असून. आणि त्या शेडमध्ये बसल्याबसल्या मला दुसरंही एक कळलं, ते काही केल्या मनातून जात नाही. फेरीनं आला असता तरी पलीकडे मीच होते, बोगद्यानं आला असता तरी मीच. दोन्हीकडे सारखी. व्हिसाबरोबर त्यानं मलाही खोडलं होतं, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. माझा भाऊ वाईट नव्हता. त्यानं मला स्वतःची खोली दिली होती. म्हणून तर जास्त राग येतो.

कॅरॅव्हॅन एका डच जोडप्यानं घेतली. वहिनीनं पहिल्या आलेल्या माणसाला, मागितली त्या किमतीला देऊन टाकली.

परवा भाऊबीज झाली. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. आई दर वर्षी गच्चीवर जाऊन ओवाळायची, आणि दादाशी मारामारी करता करता मला तिची दया यायची. संध्याकाळी मी ताम्हण घेऊन मागच्या दारी उभी राहिले. वारा होता, अभयनं निरांजनापुढे हात धरला. शेजारच्यांच्या छपरावर बीजेची कोर दिसत होती, अगदी बारीक, थोड्या वेळात मावळणारी. मी ओवाळलं. माझ्या दारात येऊन ओवाळून घेणारा इतक्या वर्षांत तो पहिलाच.