फोन डब्यात ठेवणारी महापौर

सुधा गेल्याचं तिच्या लेकीनं कळवलं, तेव्हा तो फोन ठेवून मी सवयीनं सुधालाच लावायला निघाले होते. वाईट बातमी आजवर आधी तिलाच सांगत आले... त्याला आता काही आठवडे झाले, तरी हात अजून तिच्याच नंबराकडे जातो.

सुधा आधी डॉक्टर आणि निवृत्तीनंतर कॅनडातल्या हॅमिल्टनपासून तासाभरावरच्या आमच्या छोट्या गावाची महापौर. ती निवडून आली तेव्हा मराठी मंडळाला कोण आनंद! आपलं माणूस खुर्चीत बसलं की आपली कामं झालीच, हा भारतातला समज आम्ही बर्फातही जपून ठेवला होता. तिच्याकडच्या हळदीकुंकवाला वाण राहायचं बाजूला. कुणाच्या भाच्याला पोलिसात चिकटवायचं असायचं, कुणाला एखादा उर्मट पोलीस गावातून हलवून हवा असायचा. "पोलीस चीफला एक फोन टाक ना," असं कुणी म्हटलं की सुधा शांतपणे आपला मोबाइल पोळ्यांच्या डब्यात ठेवायची आणि वर झाकण लावायची. "टाकला फोन. आता चहा घे." आम्ही हसून लोटपोट व्हायचो.

मग तोच फोन मागायची पाळी माझ्यावर आली. माझा नवरा, माधव, विसरायला लागला होता. भर विंटरमध्ये कोट न घालता घराबाहेर पडायचा. कॉन्स्टेबल डॅन त्याला शोधून आणायचा. दुसऱ्या कुणाच्या गाडीत माधव बसतच नसे. डॅनला मात्र तो आपला धाकटा भाऊ समजायचा. चीफनं डॅनला कोर्टाच्या ड्युटीवर पाठवलं, आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"सुधा, तू मेयर आहेस. ही बदली थांबव."

"अगं, पोलीस बोर्डावर माझं एक मत. चीफ कोण, ते बोर्ड ठरवतं. कुठला ऑफिसर कुठे, ते चीफ. त्यात मी नाक खुपसायचं नाही, कायदाच आहे तसा."

"हळूच सांग ना. कुणाला कळतंय?"

"आज मी डॅनला ठेवा म्हणेन. उद्याचा मेयर कुणाला तरी काढा म्हणेल. तेव्हा कुणाकडे जाशील?"

आणि तिनं फोन डब्यात ठेवला. त्या दिवशी मला हसू आलं नाही. चहा तसाच टाकून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली. दारात सुधा, पायात स्नो बूट. "माधव, चल, लायब्ररीपर्यंत वॉक घेऊ या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे माझ्या हातात आहे. याला बोर्ड लागत नाही." गावात असेल त्या दिवशी ती येतच राहिली, महापौरपद गेल्यावरही. चारच्या सुमारास माधव आपणहून बूट घालून बसायला लागला, आणि त्याचं एकट्यानं बाहेर पडणं थांबलं.

मला सुधा हवी आहे. तिचं ते ठाम नाही म्हणणंसुद्धा हवं आहे.

घर आवरताना तिच्या लेकीनं तो डबा मला दिला. काल चार वाजता माधव बूट घालून दारापाशी बसला. "सुधा?" त्यानं विचारलं. ती गेली हे रोज सांगायचं आणि त्यानं ते रोज पहिल्यांदा ऐकायचं, हे आता माझ्याच्यानं होत नाही. नकळत मी फोन घेतला, तिचा नंबर काढला... मग डबा उघडून फोन आत ठेवला, झाकण लावलं आणि माझे बूट शोधायला लागले.